शिंप्याच्या टेबलावरचा दवाखाना

सरकारी आरोग्य योजनेचा पैसा आटला, दवाखान्याला कुलूप लागलं आणि तिथल्या व्यायामाच्या खोलीतल्या सिस्टरबाई घरी बसल्या. लकव्यानं आडव्या झालेल्यांना उभं करण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. आवाज असा, की झोपलेला पायही दचकून जागा व्हावा. पेशंट त्यांना पाठीमागे 'हवालदार' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

आता पेशंट नाहीत म्हटल्यावर त्या नवऱ्याच्या मागे लागल्या. नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच त्याचं दुकान.

"पाठ सरळ. मान वर."

"अगं, मला काय झालंय?"

"काही होऊ नये म्हणूनच सांगतेय."

एका सकाळी लेकीच्या खांद्यावर भार टाकून म्हातारे पोस्टमन दारात आले. योजना चालू होती तेव्हा ते काठीवर चालायला लागले होते. आता उजवा पाय पुन्हा फरफटत होता.

"बाई, खासगीतलं आम्हाला झेपत नाही," लेक म्हणाली.

खोलीत माणूस निजवण्याजोगं एकच होतं, कापड बेतायचं टेबल. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं निमूट कापड गुंडाळलं. "टाचण्या तेवढ्या बघून घ्या," एवढंच म्हणाला.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? खुबा मोडलेली आजी आली, खांदा आखडलेला रंगारी आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही शनिवारी येऊन सगळ्यांना तपासू लागल्या. औषधं मात्र कुठून आणायची? इन्सुलिन मागायला आलेल्या एका बाईला रिकाम्या हाती पाठवावं लागलं. सिस्टरबाई आणि डॉक्टरीणबाईंनी योजनेच्या कचेरीत चपला झिजवल्या, पण दवाखान्याचं कुलूप काही निघालं नाही.

तरी सकाळचं ते दुकान म्हणजे नुसता गलबला. आजी पाय उचलताना आकडे खुशाल गाळायची आणि रंगारी तिला पहिल्यापासून मोजायला लावायचा.

अशाच एका सकाळी, लेकीचा खांदा सोडून पुन्हा काठीवर आलेल्या पोस्टमननी ती काठीही भिंतीला टेकवली आणि कोणाला न सांगता चालू लागले. डुलत डुलत ते शिलाई मशीनपाशी पोचले, तिला धरून उभे राहिले आणि शिंप्याला म्हणाले, "पत्र आलंय."

"कोणाचं?"

"माझ्या पायाचं. खुशाल आहे म्हणतो."

आजी हसता हसता टेबलावरून घसरायचीच राहिली. बाईंना ओरडताही येईना आणि हसूही आवरेना. शिंप्यानं मशीन थांबवली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेला.