मिरगीची शिष्यवृत्ती

गेवराईत मी नवाच एसटीडी बूथ टाकला होता. कॉलेजातली एक मुलगी तिथं फोन करायला यायची. फोनच्या काचेच्या खोलीत शिरण्याआधी ती रांगेतल्यांना बजावायची, "मला मिरगी येते. पडले तर कुशीवर वळवा. चप्पल हुंगवली तर याद राखा!"

आमच्या मंडळानं मिरगीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती काढली; पहिली तिलाच. समारंभाआधी मी शहाणपणानं म्हणालो, "आजाराचं नाव घेत न्हाई. लग्न जुळायचं हाय तुझं."

"काका, लग्नानंतर कळलेलं चालंल व्हय?"

तरी माईकवर मी 'हुशार विद्यार्थिनी' एवढंच बोललो. तिनं माईक हिसकावला. "काका लाजले. मिरगीची शिष्यवृत्ती हाय ही!"

मागून एक बाई पोरीचा हात धरून उठली. "माझ्या पोरीलाबी येते. तिला मिळंल?"

"मिळंल की! या पुढं," म्हणत तिनं मायलेकींना माझीच खुर्ची दिली. उरलेला समारंभ मी उभ्यानं पाहिला.