बऱ्हाणपूरहून आलेली बाटली

चहाचा पहिला घोट घेतला की आमचे पार्सलबाबू बशी दोन बोटांनी दूर सारत आणि विचारत, "याला चहा म्हणतात?" मग तोच चहा शेवटच्या थेंबापर्यंत पीत.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. रावेर स्टेशनात मी त्यांच्या हाताखाली केळीचं बुकिंग करू लागलो, तेव्हा इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि बाबूंच्या मते तेवढ्यात देशातली प्रत्येक वस्तू बिघडली होती. साबणाला फेस येत नव्हता, काडी पेटत नव्हती, इंजिनांच्या शिट्ट्यासुद्धा घोगऱ्या झाल्या होत्या. तरुणपणी भुसावळला गोऱ्या ड्रायव्हरांसोबत आपण विलायती बिअर कशी प्यायलो, हे तर ते रोज ऐकवत. दारूबंदी आल्यावर त्यांना रान मोकळंच झालं. पडताळणार कोण? मला हा माणूस मुळीच आवडत नसे.

आबांना मात्र आवडे. आबा केळीवाले शेतकरी, भाबडे. मागल्या उन्हाळ्यात वॅगन मिळत नव्हत्या, तेव्हा बाबूंनी भुसावळपर्यंत भांडून त्यांचा माल वेळेत रवाना केला होता. पुढे आबांच्या मुलीचं लग्न ठरलं. खरेदीला ते बऱ्हाणपूरला गेले. ते दुसरं राज्य, तिकडे दारूबंदी नाही. येताना त्यांनी धोतरात गुंडाळून बिअरची एक बाटली आणली.

"भाऊ, तुम्ही लय याद काढता म्हनून आनली," ते लाजत म्हणाले.

रविवारी दुपारी आम्ही तिघे त्यांच्या मळ्यात जमलो. बाटली बादलीत घालून विहिरीत सोडली होती. बाबूंनी ती वर काढून लेबल वाचलं. त्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं.

"हिंदुस्थानी?" त्यांनी नाक मुरडलं. "आपले लोक बिअर करायला लागले?"

आबांनी विळ्यानं झाकण उचकटलं. भस्सकन फेस आला तसे ते दचकून मागे सरले. बाबूंनी पितळी पेल्यातून घोट घेतला, डोळे मिटले.

"याला बिअर म्हणतात? बैलाला पाजायचा काढा बरा!"

आबांचा चेहरा पडला. मी चाखली. कडू, आंबूस, नाकात झोंबणारी. पण मला राग आला तो बाबूंचा. आबांनीही भीत भीत घोट घेतला. "मले तं लिंबाच्या पाल्यावानी लागते," ते म्हणाले, "पन थंडी हाये."

तेवढ्यात बांधावरून जमादार आणि दोन शिपाई आले. कोणीतरी चुगली केली होती.

"बाटली कोणाची?"

आबांनी पेला पाठीमागे लपवला. लग्न आठवड्यावर आलेलं, सोयरे कर्मठ. बेडी दिसली असती तर लग्न मोडलंच असतं. बाबूंनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

"माझी. या दोघांना माहीत नव्हतं आत काय आहे. खेडवळ माणसं, सरबत म्हणून दिलं."

जमादारानं बाटली हुंगली. बाबू तुसडेपणानं म्हणाले, "हुंगता काय? अशी भिकार वस्तू हा शेतकरी विकत घेईल का?" आणि पुढे होऊन चालू लागले.

आबा बोलणार होते, तर बाबूंनी वळून असं पाहिलं की ते जागीच थबकले.

लग्न पार पडलं. बाबूंवर खटला झाला, नोकरी गेली. लाडूंचा डबा घेऊन आम्ही भुसावळला त्यांच्या घरी गेलो. बाबू काम शोधायला नागपूरकडे गेले होते. वहिनींनी पाणी दिलं.

"गोऱ्यांबरोबर प्यायची सवय, तीच नडली," मी म्हणालो.

"प्यायचे? हे?" वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या क्लबात बर्फाच्या लाद्या पोचवायचे, मागच्या दारानं. आत कोणी कधी बोलावलं नाही. पहिल्यांदा चाखली ती तुमच्या मळ्यात."

आबांनी हळूच विचारलं, "कशी लागली म्हने?"

"चांगली होती म्हणाले."

आबा पायरीवर बसून राहिले. भाऊ येईपर्यंत थांबू, म्हणत होते. संध्याकाळच्या पॅसेंजरला मी त्यांना हात धरून उठवलं.