काकांनी मिठागर कोरडं ठेवलं

आजचंच आहे, लगेच लिहितेय.

आज राई गावातलं आमचं बंद पडलेलं मिठागर बघायला सरकारी सर्वेच्या मॅडम आल्या. जागा पाणथळ आहे का, भरतीचं पाणी किती धरते, ते ठरवायचं होतं. मिठागर खडखडीत कोरडं! गेल्या आठवड्यात तिथे गुडघाभर पाणी होतं, बगळे होते.

मॅडम गेल्या आणि काकांनी बांधाच्या दारातल्या फळ्या काढल्या. खाडीचं पाणी धो धो आत आलं.

"काका, तुम्ही अडवलेलं?"

"मंग? पाणथळ लिवलं तर बिल्डर घेनार हाय का?"

कालच्या भरतीला आमच्याच घरात पाणी का शिरलं, ते तेव्हा कळलं: मिठागरात जागा न मिळालेलं पाणी आमच्याकडे वळलं होतं.

सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. मॅडमचा नंबरही आहे. तुम्ही फोन केला असता?