पाहुण्यांना पाजायचे पाणी

आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. माझ्या आधीची सगळी माणसे अंगठा उठवत आली. हे अगोदरच सांगून ठेवतो, कारण पुढे जी हकिकत लिहिणार आहे तिच्यात माझ्या शिक्षणाचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि वाचणाऱ्याने मला अडाणी समजू नये.

तेव्हा मी मुंबईला कॉलेजात होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीला घरी आलो होतो. अमेरिकेतली लढाई संपली होती, कापसाचे भाव उतरले होते, पण कापसाच्या नावाने वऱ्हाडात यायला लागलेली माणसे काही थांबली नव्हती. आगगाडी अकोल्यावरून बडनेऱ्यापर्यंत येऊ लागली होती. बडनेऱ्याला उतरायचे आणि पुढचे तीन कोस बैलांच्या भरवशावर. उतरणारे बहुतेक जण पहिल्यांदाच आलेले. कोणी मुंबईचा दलाल, कोणी इंदूरचा सराफ, कोणी नुसताच ‘पाहून तरी येऊ’ म्हणून आलेला. वडिलांनी हे बरोबर ओळखले. शेत काकांच्या हवाली केले, एक दमणी घेतली, म्हणजे वर छप्पर असलेली दोन बैलांची हलकी गाडी, आणि स्टेशनाबाहेर उभे राहून ते एवढेच म्हणू लागले, “चाला, गाव दाखवतो.”

गाव दाखवायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी परकोटाला बाहेरून वळसा, एकेका दरवाज्यापाशी थोडे थांबणे, मग कापसाचा बाजार, मग रुईचे गठ्ठे दाबायचा कारखाना, आणि शेवटी अंबादेवीचे दर्शन. देवीला शेवटी नेले की माणूस गाव चांगले म्हणूनच परत जातो, असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी बैलाचा खूर त्यांच्या पावलावर पडला आणि पाऊल सुजून भोपळ्याएवढे झाले. दमणी माझ्याकडे आली. मी मोठ्या उत्साहाने तयारी केली. परकोटाची उंची दोरीने मोजली. तो कोणी बांधला आणि कशासाठी, हे पाच म्हाताऱ्यांना विचारले आणि पाच उत्तरे वहीत उतरवली. त्यातली चार पेंढाऱ्यांच्या भीतीवर येऊन थांबत होती, पाचवे कोणाच्या तरी सासऱ्याच्या मोठेपणावर.

वडील खाटेवरून म्हणाले, “बोलजो कमी. अन् पानी पाजत जाजो.”

पाण्याचे असे होते. गावातल्या बहुतेक विहिरींचे पाणी मचूळ. अंबा दरवाज्याबाहेर एका मळ्यात मात्र एक गोड पाण्याची विहीर होती. गाव दाखवणारे सगळे गाडीवान पहाटे तिथून सुरई भरून घेत, ओले फडके गुंडाळून गाडीखाली टांगत आणि दिवसभर पाहुण्याला तेच पाणी देत. सोवळ्यातला पाहुणा असला तर तो आपल्या तांब्याने स्वतः काढून घेई, पण त्यालाही नेत त्याच विहिरीवर. गावाचे पाणी वाईट आहे असे कोणी बाहेर जाऊन सांगू नये, एवढाच हेतू. यात काही लबाडी आहे असे कोणाला वाटत नसे. मलाही वाटले नव्हते.

मला खरे कुतूहल होते ते पाहुण्यांचे. एकच गाव, पण दोन माणसे तेच पाहत नाहीत. मुंबईचा एक दलाल दरवाज्यांकडे बघेना. तो गोदामांची छपरे बघे आणि विचारे, आग लागली तर पाणी कुठून आणता? एक म्हातारी बाई नागपूरकडे चालली होती, तिला फक्त गावात किती तेलघाणे आहेत ते हवे होते. मी वहीत परकोटाच्या शेजारी हेही लिहू लागलो. कोण काय बघतो, याची माझी यादी परकोटापेक्षा उंच झाली.

अशात एक दिवस सकाळच्या गाडीने एक गृहस्थ उतरले. अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या काठी त्यांचे गाव. गावची पाटीलकी त्यांच्याकडे. साठीच्या आसपासचे, पांढरे पागोटे, कमरेला तांब्या आणि त्याला गुंडाळलेली लांब दोरी. आमच्यासारखेच कुणबी. आगगाडीत पहिल्यांदाच बसले होते आणि उतरल्यावरही पाय जरा रुंद टाकून चालत होते, जमीन हलेल की काय अशा हिशेबाने.

“गाव दाखवतं काय रे बापू?”

“दाखवतो पाटील. बसा.”

“आंगावर तं चांगला सदरा दिसून रायला तुह्या. गाडी हाकाले एवढा?”

“मी मुंबईले शिकतो. बाबाचा पाय दुखून रायला, म्हणून आलो.”

“काय शिकतं?”

“इंग्रजी, गणित, इतिहास.”

“पान्याचं काई शिकवतेत काय?”

नाही म्हणालो. ते म्हणाले, “मंग काय शिकवतेत?” आणि हसले.

परकोटापाशी मी वहीतले सांगायला लागलो. पाटलांनी एकदा मान वर केली. “पायला,” म्हणाले. “इहीर कुठी हाय?” मी सुरई काढली आणि त्यांच्या ओंजळीत धार धरली. ते लगेच प्याले नाहीत. घोट तोंडात धरून, डोळे मिटून बराच वेळ बसले. मग गिळला आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू परकोट मीच बांधला होता.

“गोड हाय लेका!”

नागपुरी दरवाज्यापाशी पुन्हा प्याले. कापसाच्या बाजारात गाड्यांची रांग, दलालांची ओरड, रुमालाखाली बोटे धरून चाललेले भाव, हे सगळे मुंबईकरांना पाहावेसे वाटे. हे मात्र रांगेकडे पाठ करून तिसऱ्यांदा ओंजळ पुढे करून उभे.

दुपारी मी दमणी निंबाखाली सोडली. तिथे त्यांनी मला कारण सांगितले. त्यांचा मुलूख खारपाणाचा. विहीर खणावी तर खारे पाणी लागते, आणखी खोल खणावी तर आणखी खारे. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, शिकेकाई लावून केस मोकळे होत नाहीत. पिण्याचे पाणी नदीच्या वाळूत झिरा उकरून आणायचे, तेही वैशाखात वाटीवाटीने. मोठ्या दोन्ही मुली त्याच मुलखात दिल्या.

“मोठीच्या टाळूवर केस उरले नाईत,” ते म्हणाले. “घागरीनं. आता लहानी रायली. इले म्या गोड पान्यातच द्याची ठरवली. पोरगा पायला, घर पायलं, ते आमच्याकडे येऊन गेले. गाव तेवढं पाहाचं रायलं होतं. ते तुवा दाखवलं. आज दिवस मावळाच्या आत सुपारी फोडतो.”

“कोणाचं घर?” मी विचारले.

त्यांनी सांगितले. नागपुरी दरवाज्याच्या आतल्या आळीतले, कापसात वर आलेले, माडी चढवायला काढलेले घर. त्या आळीची विहीर मला चांगली माहीत होती. त्या पाण्याने चूळसुद्धा भरवत नसे. तिथल्या बाया पिण्याचे पाणी गाव ओलांडून, अंबा दरवाज्याबाहेरच्या मळ्यातून आणत.

माझी नजर त्यांच्या कमरेच्या तांब्याकडे गेली. तांब्या-दोरी त्यांनी विहिरी चाखायलाच आणली होती. पण आमच्याकडे एकदा कोणी दिलेले पाणी गोड म्हणून प्याले की त्याच गावात पुन्हा विहिरीत दोर सोडणे म्हणजे देणाऱ्याला तोंडावर खोटे पाडणे. पाटील अशी चूक करणारा माणूस नव्हता. मी सुरई पुढे केली त्याच क्षणी त्यांचा तांब्या बांधला गेला होता.

अंबादेवीला त्यांनी साष्टांग घातला आणि मोठ्याने, शेजारणीशी बोलावे तसे म्हणाले, “माय, तुह्या गावचं पानी गोड हाय. पोरीले सांभाळजो.”

बाहेर येऊन ते दमणीत बसले. मी बैल नागपुरी दरवाज्याकडे वळवले. चार पावले गेल्यावर माझ्याच्याने राहवले नाही.

“पाटील, तांब्या सोडा.”

“काहून? तुह्यं पानी प्यालो ना मी.”

“ते त्या आळीतलं नोहे. गाव दाखवणारे सगळे एकाच विहिरीचं पानी पाजतेत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. ते दहा मिनिटांचे अंतर मला बडनेऱ्याहून लांब वाटले.

आळीच्या विहिरीवर दोन बाया धुण्यासाठी पाणी ओढत होत्या. पाटलांनी दोर सोडला, तांब्या वर घेतला, प्याले. थुंकले नाहीत.

“हे तं घरचंच,” म्हणाले.

दोघींतली थोराड बाई फटकळ होती. “कोनाचे पाव्हने म्हणा? अन् हे पानी काहून पिता? म्हशी पीत नाईत.”

“तुमी कुठलं पेता, माय?”

“मळ्यातलं. सकाऊन दोन खेपा, सांजच्याले दोन.”

पाटलांनी एकेक विचारायला सुरुवात केली. वाटेत चढ आहे का? सावली आहे का? पावसाळ्यात चिखल किती? मळेवाला अडवतो का? कोण जाते, सासू की सून? शेवटी त्यांनी बोटाने माडी चढणारे ते घर दाखवले. “अन् तिथलं कोन भरते?”

“अजून तं सासूच भरते बिचारी. सून आली म्हंजे बसंन.”

दुसरी फिसकन हसली. पाटील हसले नाहीत. “माय, घागर दे वं एक घडीभर. परत आनून देतो.”

आणि ते निघाले. मी म्हणालो, दमणीतून जाऊ. ते म्हणाले, “पोरगी का दमणीत जाईन?” मी बैल धरून मागे मागे. भर उन्हात पागोटे घातलेला पाटील माणूस गावातून घागर घेऊन चालला, मळ्यातून भरून घेतली, पागोट्याचीच चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि परत फिरला. सवय नव्हती; पाणी मानेवरून पाठीवर गळत होते. बाजाराच्या तोंडाशी एक बाई ओरडली, “अवो बाबा, तुमच्या घरी बायका नाईत काय?”

“हायेत ना!” पाटील न वळता म्हणाले. “म्हणून तं पाहून रायलो.”

ओझे घेऊन चढ कुठे लागतो ते त्या दिवशी मला कळले. माझ्या वहीत तो चढ नव्हता. दमणीतून तो लागतच नाही.

घागर परत केली तेव्हा ती पाऊण भरली होती. पाटील ओट्यावर टेकले, मान चोळली. मग त्या घरी गेले आणि थोड्याच वेळात बाहेर आले. सुपारी फोडली नव्हती. आत काय झाले ते बडनेऱ्याच्या वाटेवर त्यांनी आपणहून सांगितले. व्याही होऊ घातलेल्या गृहस्थाने म्हटले, अंगणात विहीर खणतो. हे म्हणाले, तीही मचूळच लागेल. त्यावर तो रुसला: एवढे मोठे गाव असताना पाण्यावरून कोणी सोयरीक अडवते का!

“मंग आता?” मी विचारले.

“मले काय समजते? म्या जन्मात एकच घागर उचलली, आज. भरनारीनं ठरवावं.”

घरी वडिलांना तोवर सगळे कळले होते. दुसऱ्या गाडीवानांनी येऊन सांगितले होते. खाटेवरून उठता येत नव्हते म्हणून मी वाचलो.

“पाच वर्सं लागली या गावाचं नाव गोड कराले. तुवा एका दिवसात खारं केलं! बोलजो कमी म्हणलं होतं ना तुले?”

“त्याईची पोरगी हाय, बाबा.”

“अन् गाव कोनाचं हाय?”

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि पहाटे सुरई भरायला जाणाऱ्या गाडीवानांनी माझ्याकडे पाहून रामराम करणे सोडले.

सुट्टी संपायला आठवडा होता तेव्हा पाटील पुन्हा आले. या वेळी बायकोला घेऊन. वडिलांचा पाय बरा झाला होता, दमणी तेच हाकत होते. मी शेजारी बसलो होतो. पाटलीणबाई ठेंगणी, काटक. तिने परकोटाकडे पाहिले नाही, देवीला रस्त्यातूनच हात जोडला. आळीत उतरल्यावर तिने त्याच फटकळ बाईकडून घागर मागून घेतली. वडिलांनी सुरई पुढे केली.

“नोको भाऊ,” ती म्हणाली. “वाटंचं पायतो पयले.”

ती सरळ मानेने गेली आणि आली. थेंब सांडला नाही. पाटील दमणीच्या चाकाला टेकून उभे होते, आणि त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागायच्या आधी माझा झाला होता तसा होता. तिने घागर खाली ठेवली, पदराने तोंड पुसले, आणि मळ्यातले पाणी ओंजळीने प्याली.

“लांब हाय,” ती म्हणाली.

पाटलांनी मान खाली घातली.

“पन गोड हाय. आपल्याकडं लांब बी हाय अन् खारं बी हाय.” मग तिने त्या घराकडे पाहिले. “चाला. अन् त्याईले सांगा, रोजची एक खेप पोरगा कावडीनं आनंन. तशी बोली करूनच सुपारी फोडा.”

ती पुढे झाली. पाटील पागोटे सारखे करत तिच्यामागे गेले.