सोडवून ठेवलेलं घर

लातुरात कुठल्याही गोष्टीची किंमत एकाच प्रश्नावर ठरते: हे किती मार्कांना आहे? चंद्रप्रभाबाईंनी सारी नोकरी चित्रकला शिकवण्यात घालवली, म्हणजे गावाच्या हिशेबानं हयातभर बिनमार्कांचा विषय शिकवला. परीक्षा जवळ आली की गणिताचे मास्तर त्यांचा तास हक्कानं मागून न्यायचे, आणि बाई रंगपेट्या उचलून मुकाट बाहेर पडायच्या. त्या निवृत्त झाल्या, राग काही निवृत्त झाला नाही. त्यात पोटच्या पोरानंच बायोलॉजीचा क्लास काढलेला. आलोकसरांच्या क्लासला जळकोट-बिलोलीपासून मुलं येत, आणि सर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगतात, अशी त्यांची ख्याती होती.

क्लासात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुना घरी आला. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी त्यात होती आणि तिच्यात एक खेळ होता. अख्ख्या लातुरात त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्यात ना गोळीबार, ना गाड्यांची शर्यत, ना गुण. एक म्हातारा घड्याळजी घर सोडून कुठंतरी गेलेला असतो आणि आपण त्याच्या रिकाम्या घरात शिरतो, एवढंच. समोर खोली दिसते. माऊसनं ज्या वस्तूवर क्लिक करावं ती हलते, उघडते, नाहीतर ढिम्म राहते. सापडलेली वस्तू दुसरीकडे कामाला येते, तेव्हा पुढचं दार उघडतं.

खेळ फार भारी होता असंही नाही. त्यातली माणसं लाकडासारखी बोलायची. एक कोडं तर निव्वळ आचरट होतं, मांजराच्या गळ्यातली घंटा मिळवायला आधी छत्री दुरुस्त करावी लागे. बाईंनी त्याला मनापासून शिव्या घातल्या आणि छत्री दुरुस्त केली. पण त्या घरात कुणी घाई करत नव्हतं. फडताळातली प्रत्येक बरणी बघता येत होती, गादी उचलता येत होती, कोपऱ्यातल्या खुंटीवरचा सदरा चाचपता येत होता. इंग्रजी अडलं की बाई डिक्शनरी उघडत. दिवाळीपासून त्या घराच्या वरच्या माळ्याच्या बंद दारापाशी थांबल्या होत्या. किल्ली मिळत नव्हती, आणि बाईंना त्याचं काही दुःखही नव्हतं.

"आई, काय करायलीस तासन् तास?" आलोकनं एकदा विचारलं. मग त्यानं इंटरनेटवर शोधूनही आणलं. "परदेशातल्या माणसानं लिहिलंय, पाचपैकी दोन मार्क. वेळ असेल तरच खेळा म्हणतो."

"मग मला हाय की वेळ," बाई म्हणाल्या.

हिवाळा सरता सरता सुनेच्या, मालविकाच्या, माहेरी लोह्याला बारसं निघालं. सासू-सुना गेल्या, मुक्काम करून परत आल्या. आलोक दारातच हसत उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर पोराचा पहिला नंबर आल्यासारखा आनंद.

"आई, सोडवून ठेवलं. नेटवर उत्तरं होती सगळी. किल्ली चुलीच्या राखेत होती बघ. शेवटपर्यंत नेऊन ठेवलंय, तू फक्त बघून घे."

बाई चपलांसकट आत गेल्या. पडद्यावर माळ्याचं दार सताड उघडं होतं. आत घड्याळजीची रिकामी खाट, आणि खाली लिहिलेलं, खेळ संपला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"अगं, दिवाळीपासून अडकली होतीस..."

"अडकले नव्हते. शोधत होते."

"खेळच आहे ना, आई. पुन्हा पहिल्यापासून खेळ."

"आता काय खेळू? किल्ली कुठं हाय ते मला माहीत हाय."

पाणी घेऊन आलेली मालविका तिथंच उभी राहिली. एवढ्याशा खेळावरून सासूबाई का बिथरल्या, तिला कळेना. तिला कळणार तरी कसं? या घरात भूकंपाचं बोलणं कधी निघतच नसे.

भूकंपाच्या साली आलोक बारावीला होता. बाईंच्या नोकरीसाठी आणि त्याच्या शिक्षणासाठी माय-लेक लातुरात खोली करून राहत होते, आणि अमृतराव, बाईंचे यजमान, औशाकडच्या गावात शेती बघत होते. त्या पहाटे दगडमातीचं माळवदाचं घर त्यांच्या अंगावर आलं. ते सापडले, सगळ्यांबरोबर त्यांनाही अग्नी दिला. बाईंनी अंथरूण धरलं. उरला होता घराचा ढीग. आईला हे बघवणार नाही, असं मिसरूड नुकतं फुटलेल्या आलोकनं ठरवलं, वडीलधाऱ्यांनी मान डोलावली आणि मशीन लावून ढीग उपसला. बाई उठून गावी गेल्या तेव्हा घराच्या जागी सपाट माती होती. कुणीतरी हातात गोणी दिली. "बाई, कामाचं तेवढं काढून ठेवलंय." तांब्या, पानाचा डबा, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. बाईंनी गोणी घेतली आणि तोंड शिवलं. वाईटपणानं कुणी काही केलं तर भांडता येतं. चांगुलपणानं लुटलं तर माणसानं भांडायचं कुणाशी?

आज मात्र त्या भांडल्या.

"तवाबी असंच केलंस तू. मला बघवणार न्हाई, हे मला न विचारता ठरवलंस. माझ्या घरातलं कामाचं काय, बिनकामाचं काय, ते दुसऱ्यांनी ठरवलं. अरे, माझं घर होतं ते. एकेक दगड मी माझ्या हातानं उचलला असता. लागली असती वर्षं, लागू दिली असती. आणि आज हे खोटं घर हाती लागलं, तर तेबी तूच उपसून मोकळा झालास."

मालविकानं हळूच पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. आलोक शेजारची खुर्ची ओढून आईजवळ बसला.

"आई, त्या गोणीत काय नव्हतं? तुला काय शोधायचं होतं?"

"ते मला तरी कुठं ठाऊक, आलोक?" बाई म्हणाल्या. "शोधलं असतं तर कळलं असतं."