न बघता बघायचं

दोन वर्षांच्या पोराचा कसला इंटरव्ह्यू घेता, असं मलकपेठची माझी बहीण फोनवर दर वेळी विचारते. मग मी तिला एक किस्सा सांगते. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो. आमच्या घरचे किस्से सोफ्याखालच्या खेळण्यांसारखे आहेत. एक काढायला झाडू घालावा तर चार बाहेर येतात, आणि त्यातलं एखादं आपलं नसतंच!

माझी सून वसुधा, मला ती आत्या म्हणते, आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात, तळमजल्यावर, पाळणाघर चालवते. तिची पद्धत अशी, की ॲडमिशनला आलेल्या मुलाला कुणी काही विचारायचं नाही. नाव नाही, रंग नाही, पोएम नाही. ती आईबापांशी सोफ्यावर बोलते. मी खाली चटईवर भाजी निवडत बसते आणि मुलाकडे बघते. पण बघते आहे असं दिसू द्यायचं नाही. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. सुरुवातीला मी इतकं मन लावून बघत नव्हते, की एका पोरानं निवडलेली सगळी भाजी परत काड्यांत कालवली आणि मला पत्ताच नाही.

यंदा जागा एकच रिकामी होती. ती वरच्या मजल्यावरच्या शिल्पाला हवी होती, तिच्या विहानसाठी. तिची रजा संपत आलेली. सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असं कोठी भागातल्या तिच्या ऑफिसातून सांगून झालेलं. पण विहान आईची ओढणी सोडेना. ती उठली की हा किंचाळायचा, आणि त्याचं ऐकून आमची बाकीची पोरंही सूर धरायची. वसुधानं शेवटी सांगितलं, शुक्रवारपर्यंत रोज आणून बसव, थोडा वेळ तुझ्याशिवाय राहिला तर जागा त्याची. नाही राहिला तर दुसरं मूल घेईन. त्यामुळे त्या आठवड्यात दुसरेही लोक बघायला येत होते. कुणाची गाडी थांबली की शिल्पा जिन्यातून वाकून बघायची.

*

पहिला आला तो पूर्ण तयारीनिशी. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बापानं गाडीत उजळणी घेतली असणार, कारण पोरगं आल्याबरोबर वसुधासमोर ताठ उभं राहिलं. आता आमच्याकडे तर विचारायचं नाही. वसुधा आपली आईशी डब्याचं बोलतेय, मी अंबाडी निवडतेय. इथं तिला सगळे गोंगुरा म्हणतात. पोरगं वाट बघून बघून कासावीस झालं. शेवटी त्यानं स्वतःच स्वतःला विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?" आणि स्वतःच सांगितलं. मग रंग, मग फळं, मग गाईचं पिल्लू. सगळं संपल्यावर ते माझ्याकडे आलं.

"व्हॉट इज युअर नेम?"

मी म्हटलं, सरूबाई.

"व्हेरी गुड!" म्हणालं आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

जाताना बापानं विचारलं, आमचं कसं काय? मी म्हटलं, तुमचं सूनबाई कळवेल, माझं झालं.

*

दुसरी एक चिमुरडी आली ती सोफ्यापर्यंत पोचलीच नाही. आधी स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडला, लावला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बघितला. तांदळाच्या डब्याचं झाकण काढून आत डोकावली. माझ्या खोलीत पलंगाखाली वाकली. आमचा घरमालकसुद्धा इतकं बघत नाही. मी न बघता तिच्या मागं मागं, हातात भाजीची पाटी तशीच.

सगळं बघून झाल्यावर ती बापासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, इनके घर में टीवी नै है. चलो."

बाप उठलाच. उंबऱ्यात त्यानं नुसते हात जोडले. शिल्पानं जिन्यातून मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनं सांगितलं, आपण नापास.

*

मला लिहितावाचता येत नाही, हे पाळणाघरातल्या पोरांना ठाऊक आहे. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी चित्र बघून गोष्ट सांगते, आणि रोज वेगळी सांगते.

चार वर्षांची एक मुलगी आली, तिनं आपलं पुस्तक आणलेलं. माझ्या मांडीवर ठेवलं. मी चित्रातल्या अस्वलाला चारमिनारला नेलं, इराणी चहा पाजला. तिनं ऐकून घेतलं, मग पुस्तक शांतपणे ओढून घेतलं आणि म्हणाली, "असं नसतं लिहिलेलं. थांब, मी दाखवते."

आणि वाचायला लागली. म्हणजे पाठच होतं सगळं. आवाज हुबेहूब तिच्या आईचा, ओळीच्या शेवटी तसाच हेल. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर अस्वल मधाच्या पोळ्यापाशी पोचलं, आणि ही म्हणाली, "वन मिनिट बेटा, मम्माचा कॉल आहे."

पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तिच्या लेखी गोष्ट तिथंच संपत होती.

सोफ्यावर आईचं बोलणं चालू होतं, ते थांबलं. मी अंबाडीकडे बघितलं. वसुधानं छताच्या पंख्याकडे बघितलं. थोड्या वेळानं ती बाई खाली चटईवर येऊन बसली आणि पुढचं पान उघडून म्हणाली, आजी, पोळ्याचं काय झालं ते मलाही नीट माहीत नाही. तिघींनी मिळून वाचलं. ॲडमिशनचं मग कुणी काढलंच नाही.

*

गुरुवारी मात्र वसुधाचे डोळे चमकले. एक नवराबायको दोन मुलं घेऊन आले. त्यातला एक आमच्या पडद्याला लोंबकळून झोके घेऊ लागला. दुसरा माझ्याजवळ येऊन बसला, थोडा वेळ माझ्या हातांकडे बघितलं आणि पानं तोडायला लागला. पान इकडे, काडी तिकडे. एकदाही चुकला नाही. मध्येच माझ्याकडे बघून हसला. असं मूल पाळणाघराला मिळालं तर बाकीची चार सुधारतात.

मी वसुधाकडे बघितलं, वसुधानं माझ्याकडे. मला एकीकडे शिल्पाचं वाईट वाटत होतं. पण वसुधा बोलून गेली, मुलगा आम्हाला फार आवडला, उद्याचा दिवस थांबा, संध्याकाळी कळवते.

"हौ? खरंच?" ती बाई इतकी खूश झाली, की तिला भरूनच आलं. "आजवर कुणी असं म्हटलं नाही हो त्याला!" आणि तिनं हाक मारली, "चिंटू, उतर रे खाली!"

पडद्यावरचा उतरला.

माझ्या शेजारचा त्यांच्या शेजाऱ्यांचा होता. गाडीत फिरायला मिळतं म्हणून बरोबर आलेला.

*

शुक्रवार उजाडला. शिल्पा विहानला घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा रात्रभर न झोपल्याचा. आठवडाभर तिनं एक युक्ती केली होती. चपला आमच्या दारात ठेवायच्या आणि अनवाणीच वर पळायचं, म्हणजे पोराला वाटावं आई घरातच आहे. विहान दारात जाऊन चपला बघायचा, मग घरभर तिला शोधायचा, पडद्यामागं, बाथरूममध्ये, आणि मग जो टाहो फोडायचा तो मागच्या गल्लीपर्यंत. वसुधा तिला चिडून म्हणाली होती, फसवून नक्को जाऊ, सांगून जा.

आता सांगून जायचं होतं. वसुधा म्हणाली, ऊठ. शिल्पा म्हणाली, हौ, उठते, आणि बसून राहिली. पुन्हा वसुधा म्हणाली. पुन्हा ही हौ म्हणाली. ओढणी आज विहाननं धरलेली नव्हती, तिनंच त्याचा हात धरला होता.

"शिल्पा, सोमवार तोंडावर आलाय अगं," वसुधा हळू म्हणाली.

विहान दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं हात सोडवून घेतला आणि दाराकडे गेला. मला वाटलं, झालं, आता सुरू होणार. मी पाटी जवळ ओढली आणि मान खाली घातली.

तो आईच्या चपला घेऊन आला. तिच्या पायांपाशी ठेवल्या. उजवी डावी उलटी झाली होती, ती त्यानं सरळ केली. शिल्पानं मुकाट्यानं पाय घातले आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

तो परत दाराकडे गेला. या वेळी वसुधाच्या चपला घेऊन आला.

"माझ्या कशाला रे? मी इथलीच आहे," वसुधा हसत म्हणाली. तो हसला नाही. त्यानं एक चप्पल तिच्या पायाला लावून बघितली. मुलाला काही विचारायचं नाही ही पद्धत तिचीच. तिनं चपला घातल्या आणि बाहेर गेली.

विहाननं दार लोटलं. चटईवर आला, माझ्याजवळ बसला आणि पाटीतली एक काडी उचलली. बाकीची पोरं आपला डबे रचण्याचा उद्योग करत होती. मी त्याच्याकडे बघत नव्हते. त्यानं दुसरी काडी उचलली. मग तिसरी.

बऱ्याच वेळानं दारावर टकटक झाली. वसुधाचा आवाज.

"आत्या, आम्ही आत येऊ का?"

मी म्हटलं, "थांबा. विचारून सांगते."