निळ्या रंगाची डबी
मेकअपची पेटी आवरताना निळ्या रंगाची डबी हाती आली आणि येलदरीचं शूटिंग आठवलं. धरणाकाठी गावातल्याच एका मुलीला मी बुडून मेलेल्या बाईचा मेकअप करत होते. शेरडं राखणारी एक बाई जवळ आली आणि निरखून म्हणाली, "व्हट याच्याहून निळे असतेत, ताई. माही लेक इथूनच काढली व्हती." शॉटसाठी हाका सुरू होत्या. मी बोट रंगात टेकवलं, ओठ गडद केले आणि चक्क विचारलं, "असे?" ती "हां" म्हणाली आणि त्या मुलीच्या कपाळावरचे केस तिनं हळूच मागं सारले. उघडलेली डबी निर्मात्याच्या बिलात अख्खी लावायची, ही आम्हा मेकअपवाल्यांची रीत, मीही लावली. ती डबी अजून जवळजवळ भरलेलीच आहे. निळा लागला की मी नवी घेते.